कोण सांगतो आहे?



वसंत व्याख्यानमालेत बहुधा देशाच्या आणि समाजाच्या मोठ्या प्रश्नांना मान मिळतो. आमचा आजचा विषय सहावी-सातवीच्या वर्गातला आहे. मुलांच्या हाती द्यावयाची कादंबरी वर्गात कशी वाचावी, आणि त्यासाठी शिक्षकाजवळ कोणती साधने असावीत, एवढाच तो प्रश्न. उदाहरणादाखल आम्ही साने गुरुजींची 'श्यामची आई' घेतो. साताऱ्यात काय, सांगलीत काय, ते नाव ठाऊक नाही असे घर विरळा.

पण नाव ठाऊक असणे आणि पुस्तक वाचलेले असणे यांत अंतर आहे. या पुस्तकात काय आहे, असे मुलांना विचारले की 'मातृप्रेम आणि संस्कार' हे उत्तर तयार असते. उत्तर चूक नाही. मात्र पुस्तक न उघडताही ते लिहिता येते, आणि त्याला गुणही मिळतात! गाइडांचा सारा व्यापार या सोयीवर चालतो.

मग काय करावे? आमच्या मते पहिले साधन एक प्रश्न आहे: ही गोष्ट कोण सांगतो आहे? गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिण्यास घेतले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्री आपल्या लहानपणच्या आठवणी सांगतो. म्हणजे लिहिणारे गुरुजी, सांगणारा श्याम आणि आठवणीतला पोर श्याम असे तिघे झाले. कोणी या पुस्तकाला कादंबरी म्हणतो, कोणी आत्मकथन. तो वादसुद्धा वर्गात न्यावा. मुले त्यात हिरिरीने उतरतात.

दुसरे साधन कोणत्याही दुकानात मिळते: तांबडी-निळी पेन्सिल. पोहण्याचे प्रकरण घ्या. भित्रा श्याम लपून बसतो, आई त्याला मारून विहिरीवर धाडते, आणि नंतर तीच त्याच्या वळांना तेल लावते. पोराला त्या वेळी जे वाटले त्याखाली तांबडी रेघ ओढावी. मोठेपणी मागे वळून पाहताना जे वाटते त्याखाली निळी. काही वाक्यांपाशी मुले अडतील, तांबडी की निळी यावर भांडतील. भांडू द्यावे. शिक्षकाने एवढेच विचारावे, "पुस्तकात कुठे आहे ते दाखव." मग आईने मारले ते योग्य की अयोग्य, यावर प्रत्येकाला आपले मत मांडण्याची मोकळीक असावी; आधार मात्र ओळीचा हवा.

तिसरे साधन भिंतीवरचा तक्ता. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तक्त्याला तेवढ्या ओळी आखाव्यात. त्या रात्री कुटुंब कोठे राहते, घरात काय आले, घरातून काय गेले, कर्जाचा उल्लेख कोठे होतो, हे मुलांनीच भरावे. तक्ता भरत आला की मोठे घर सुटून पर्णकुटी कशी येते, सावकाराचा फेरा कसा आवळत जातो, हे मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसते. सुट्या वाटणाऱ्या आठवणींना एक धागा आहे, तो असा हाती लागतो.

असे चिरफाड करून वाचले तर पुस्तकातला ओलावा आटेल, ही भीती आम्ही ऐकली आहे. आमचा अनुभव निराळा आहे. तक्त्यावर कर्जाचा रकाना भरताना माण-खटावकडची मुले गप्प होतात. ऊसतोडीच्या फडावरून शाळेत आलेल्या पोराला 'उचल' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. समुद्र त्याने पाहिलेला नसेल, पालगड कोठे आहे हे नकाशात शोधावे लागेल. पण श्यामच्या आईला कोणत्या शब्दाची धास्ती वाटते ते त्याला आमच्याआधी कळते. गाइडातल्या उत्तरात त्याच्या या जाणिवेला जागा नाही. तो ते उत्तर पाठ करतो, आणि आपल्याला जे खरोखर समजले ते लिहिण्याजोगे नव्हते असे मनाशी धरून बसतो. या मुलाचे होणारे नुकसान आम्हांस सर्वांत मोठे वाटते.

आईवाचून वाढणारी मुलगीही त्याच वर्गात बसलेली असते. 'माझी आई' या साच्यातले उत्तर तिच्याकडून मागू नये. सांगणारा कोण, तो काय आठवतो आणि काय गाळतो, या प्रश्नापाशी ती इतरांच्या बरोबरीने उभी राहू शकते.

खर्चाची अडचण कोणी सांगेल, तर तीही फारशी उरलेली नाही. गुरुजी १९५० साली गेले. कायद्याची साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली, तेव्हा एखादे प्रकरण छापून वर्गात वाटण्यास आडकाठी नाही. पाचगणीजवळचे भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचे गावच झाले आहे; सहल तिकडे न्यावी. मुले थोडी मोठी झाली की हीच पेन्सिल घेऊन व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचावी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट १९५५ ची, आणि आपल्याच भागातली.

श्रोत्यांतील पालकांना एवढीच विनंती, की मुलाने पुस्तक मिटले म्हणजे 'तात्पर्य काय?' असे लगेच विचारू नका. कोण सांगत होता, आणि तुला त्याचे कोठे पटले नाही, हे विचारा. उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ मुलाजवळ बसा.