कडेवरची नावे

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यात आलेली इंग्रजी वाक्ये मराठीत आणली आहेत, बाकी जवळजवळ बोलले तसेच ठेवले आहे.)



या मंचावर मी यापूर्वी बोलले ती माझ्या कामाबद्दल, म्हणजे धातूंच्या पृष्ठभागांबद्दल, आणि चहाची वेळ होण्याआधीच निम्मे श्रोते चहाकडे बघू लागले होते. यावेळी संयोजक म्हणाले, छंदाबद्दल बोला. माझा छंद म्हणजे ब्रिटिश साम्राज्याची जुनी लष्करी पदके गोळा करणे. हे सांगितल्यावर फोनवर जरा शांतता पसरली, मग आवाज आला, "अहो ताई, आपल्या व्यासपीठावर हे चालेल का?" प्रश्न अगदी योग्य आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

ही पदके कशासाठी दिली गेली ते लपवण्यात अर्थ नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईसाठी पदक काढले. त्यावर इंग्लंडचा सिंह टिपूच्या वाघाला खाली पाडून त्याच्यावर उभा आहे. हे पदक पाच प्रकारांत होते : सोने, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, साधी चांदी, काशाचे आणि कथलाचे. सर्वांत वरच्यांना सोने आणि साध्या शिपायाला कथील. लढाई एकच, चित्रही एकच, धातू मात्र हुद्द्याप्रमाणे.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त बोचणारे आहे. १८५७-५८ च्या उठावाबद्दल जे पदक दिले गेले, त्याच्या फितीवर मोहिमेच्या नावाची पट्टी असे. त्यातली एक पट्टी आहे 'सेंट्रल इंडिया'. ती सर ह्यू रोजच्या सैन्याला मिळाली, म्हणजे ज्याने झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर घेतले त्या सैन्याला. त्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. आपण शाळेत ज्या झाशीचे धडे वाचले, तिच्या तटाच्या बाहेरच्या बाजूलाही आपल्याकडचे लोक होते आणि त्यांना त्याबद्दल चांदीचे पदक मिळाले. पोटासाठी, पेन्शनसाठी, घरच्या चालीप्रमाणे, कारण काहीही असेल. या माणसांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे मला जमत नाही, आणि शूरवीर म्हणून मिरवणेही जमत नाही.

मग मी ही पदके का घेते? पदकाच्या कडेसाठी.

राजाचा मुखवटा असलेली बाजू मला फारशी बघावीशी वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक मोहिमांच्या पदकांच्या कडेवर, रुपयाच्या नाण्यावर जिथे खाचा असतात त्या जागी, ज्याला पदक दिले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. पहिल्या महायुद्धाचे 'ब्रिटिश वॉर मेडल' घ्या. ३६ मिलिमीटर व्यासाची चांदी. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न स्वार, घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल आणि कवटी. अशी चांदीची सुमारे ६५ लाख पदके दिली गेली, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारांत ती ट्रेमध्ये पडलेली दिसतात. त्या ट्रेमध्ये कडा फिरवत बसले की मधेच एखादी इंग्रजी अक्षरांची ओळ लागते : क्रमांक, 'सिपॉय', मग पवारचे 'पोवार' किंवा शिंदेचे 'सिंदे' झालेले एक आडनाव, आणि शेवटी '११७ मराठाज'.

११७ मराठाज हे नाव ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. पहिल्या महायुद्धात सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूत-अल-अमारा इथे त्यांना वेढा घातला आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने सुमारे १३,००० माणसांसह शरणागती पत्करली. पुढे कैदेत आणि वाटचालीत किती हाल झाले त्याची वर्णने वाचवत नाहीत.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, मूळ जागेपासून ३२ किलोमीटर दूर नेले. पण मला सांगायचे आहे ते त्या दगडांबद्दल. ब्रिटिश सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव लिहून पुढे फक्त आकडा घातला : इतके 'इतर हुद्द्यांचे'. आज युद्धकबरी आयोगाच्या संगणकावरच्या यादीत यातली बरीच नावे शोधता येतात. खुद्द आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे मान्य केले की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा अजिबातच केले गेले नाही. याबद्दल आयोगाने माफीही मागितली. दगडावर आकडा राहिला, पण सरकारने स्वतःच्याच खर्चाने त्याच शिपायाचे नाव ३६ मिलिमीटरच्या चांदीच्या कडेवर उमटवून ठेवले होते. हा विरोधाभास पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी व्यापाऱ्याशी घासाघीस करायचे विसरले.

चांदीचे पदक निदान बघायला तरी मिळते. याच पदकाची एक काशाची आवृत्तीही होती. ती सुमारे १,१०,००० काढली गेली आणि चिनी, माल्टी, हिंदी वगैरे मजूर तुकड्यांना मिळाली. म्हणजे जे ओझी वाहत होते, रस्ते खणत होते, त्यांना. ही पद्धत जुनीच. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेचे पदकही शिपायाला चांदीचे आणि छावणीमागून जाणाऱ्या हमालाला काशाचे. राधिका सिंघा यांचे 'द कुलीज ग्रेट वॉर' हे २०२० चे पुस्तक मिळाले तर अवश्य वाचा. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैन्यात साडेपाच लाखांहून अधिक माणसे बिगर-लढाऊ होती असे त्या दाखवतात. पाणके, भंगी, स्वयंपाकी, हमाल, मजूर. आपल्या सभा-समारंभांत 'आपले शूर सैनिक' म्हणताना यातला एकही डोळ्यांसमोर येत नाही. आणि बाजाराची गंमत बघा, काशाचे पदक दुर्मीळ म्हणून आज चांदीच्या पदकापेक्षा महाग जाते. शंभर वर्षांनंतर हमालाचा भाव वाढला. पैसे अर्थात व्यापाऱ्याला मिळतात.

युद्धात मेलेल्याच्या घरी आणखी एक वस्तू जात असे, तळहातापेक्षा मोठी काशाची थाळी. तिच्यावर फक्त नाव, हुद्दा नाही, कारण मरणात लहानमोठे नको असा विचार होता. विचार चांगलाच. पण त्याच थाळीच्या काठाने मजकूर आहे की हा 'स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला'. हिंदी शिपायांच्या घरीही हीच थाळी गेली. १९१९ चा रौलट कायदा आणि जालियनवाला बाग ज्या सरकारची, त्याच सरकारकडून.

जातीचा विषय यात पावलोपावली येतो. १८०३ ते १८२६ मधल्या लढायांसाठी कंपनीने 'आर्मी ऑफ इंडिया' पदक काढले, पण ते थेट १८५१ मध्ये, आणि हयात असलेल्यांनाच. त्याच्या पट्ट्यांवर असई, खडकी, पुणे, महिदपूर यांच्याबरोबर 'कोरीगाम' ही नावाची पट्टीही आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेला माणूस ती मिळण्यासाठी आणखी ३३ वर्षे जगायला हवा होता. म्हणून ही पट्टी अतिशय दुर्मीळ. तिथल्या स्तंभावर महार सैनिकांची 'नाक' अशा शेवटाची नावे कोरलेली आहेत आणि १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे गेले ते ती नावे होती म्हणून. ज्यांची नावे गावात कुणी धड घेत नव्हते, त्यांची नावे दगडावर होती. त्याच समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चे खूळ डोक्यात घेऊन बंद केली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा केला. १९१७ मध्ये माणसे कमी पडल्यावर १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये आली. आपल्यातले काहीजण 'साम्राज्याची चाकरी' म्हणून हा सगळा इतिहास बाजूला सारतात. ज्यांना दुसरी कुठली चाकरीच मिळत नव्हती, त्यांच्या बाजूने तो एकदा वाचून बघावा.

नागरी सन्मानांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते माझ्याकडे नाहीत आणि परवडणारही नाहीत. 'कैसर-इ-हिंद' पदक पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळाले. गांधीजींना ते १९१५ मध्ये मिळाले होते आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते बोअर व झुलू युद्धांच्या पदकांसकट व्हाइसरॉयला परत पाठवले. दक्षिण आफ्रिकेत जखमींना स्ट्रेचरवर उचलल्याबद्दलची ती दोन पदके होती, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता थोडे माझ्या प्रांतातले. पदक खरे की खोटे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, व्हर्नियर कॅलिपर पुरतो. साच्यात ओतून केलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून व्यास थोडा कमी भरतो आणि केसांच्या रेघा पुसट येतात. दुसरी लबाडी म्हणजे कडेवरचे सामान्य नाव घासून काढायचे आणि तिथे महाग जाणारे नाव कोरायचे. अशा पदकाचाही व्यास कमी येतो. म्हणून चार-पाच ठिकाणी मोजावे. घरातले पदक दसऱ्याला ब्रासो लावून चकचकीत करू नये. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, आणि प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. मी अशी पदके पाहिली आहेत की राजाचे नाक गेले आहे. (काहींना ते योग्यच वाटेल.) पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, त्यातून आम्ल सुटते आणि हिरवा चिकट थर धरतो. पॉलिएस्टर चालते.

मी एकेकटी पदके घेते, संच फोडून विकणाऱ्याकडून मात्र घेत नाही. एका माणसाची तीन पदके तीन दिशांना गेली की त्याची नोकरी पुन्हा जुळवता येत नाही. आणि भारतातल्या घरांतून मी काहीही विकत घेत नाही. इथे बसलेल्यांपैकी दोघांनी मागे विचारले होते की गावाकडचे आजोबांचे मेडल बॅगेतून आणू का. आणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयात आली आहेत. तिथेच राहू द्या. सराफाकडे मात्र जाऊ देऊ नका. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा इंग्लंडमध्येही ही पदके ढिगाने वितळवली गेली. आपल्याकडे तर ती वर्षानुवर्षे वजनावर मोडीत जात आली आहेत. राजाचा मुखवटा आणि शिपायाचे नाव एकाच मुशीत.

गेली काही वर्षे मी कडांवरची नावे एका तक्त्यात भरते आहे : क्रमांक, हुद्दा, जसेच्या तसे इंग्रजी हिज्जे, पलटण, धातू. ब्रिटिश सैनिकाचे पदक-कार्ड क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बहुधा सापडते. हिंदी शिपायासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद चाळावे लागतात आणि तिथेही गावाचे नाव हाती लागेलच असे नाही. त्यामुळे तुमच्या घरी, सासरी-माहेरी, गावातल्या देवळाच्या कपाटात असे काही असेल तर पदक पाठवू नका, फोटो पाठवा. सोबत घरच्यांना जे आठवते तेही लिहा, गाव तर नक्की. राजाच्या तोंडाचा एक फोटो पुरे. कड मात्र पूर्ण फिरवून पाच-सहा फोटोंत घ्या. फ्लॅश नको, खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा, म्हणजे दबलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. अक्षरे अगदीच गेली असतील तर त्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्यांची करायचो तशी.