पाळणा कधी, ते दोघांनी ठरवा



समजा, तुमच्यासारखंच एक नवं जोडपं पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात बिऱ्हाडाला आलं. पगारातून भाडं, किराणा, गावी पैसे. 20 तारखेला डबे रिकामे. जिन्याखाली मांजर व्यालेली. वर्षात ती दोन-तीनदा विते. दुसऱ्या वेताला दूध पुरेना, दोन पिलं दगावली.

तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, "पाळणा कधी?"

बायको म्हणाली, "अहो, मांजरीला थांबता येत नाही. आपल्याला येतं ना?"

नवरा म्हणाला, "आईला मी समजावतो."

मंडळी, सासूबाईंची हौस खोटी नाही. पण दूध, कपडा, औषध आईबापांनाच पुरवायचं असतं. पहिल्या बाळंतपणाला आईचं वय 20 च्या पुढं असावं. दोन मुलांत 3 वर्षांचं अंतर ठेवावं. आईची झीज भरून निघते, बाळ बाळसं धरतं.

निरोध, गोळ्या, दर 3 महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि तांबी ही साधनं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तांबी काढली की पुन्हा दिवस राहू शकतात.

दोघं मिळून जा. नर्सबाईंना निःसंकोच विचारा.