पाणी, धास्ती आणि भरवसा

दुष्काळाची चर्चा पर्जन्यमानाच्या आकड्यांपासून सुरू होते आणि बहुधा धरणांच्या आकड्यांपाशी संपते. शेतकऱ्याच्या मनाचा विचार झालाच, तर ‘तो रूढिप्रिय आहे, त्याला पाण्याची किंमत कळत नाही’ एवढ्या शेऱ्यावर भागते. हा शेरा अन्यायाचा आहे.

विंधनविहिरीचेच पाहा. भूगर्भातील पाणी साऱ्या शिवाराचे. परंतु जमीन ज्याची, उपसा त्याचा, अशी रीत. आपण हात आखडला तरी बांधापलीकडचा उपसणारच, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. म्हणून एक दोनशे फुटांवर थांबला की दुसरा चारशेंवर जातो, आणि अखेरीस दोघेही कर्जासह कोरडे राहतात. उसाचीही तीच कथा. त्याला पाणी फार लागते, हे शेतकरी जाणतो. परंतु तुरीला आधारभूत भाव जाहीर झाला तरी खरेदीची शाश्वती नसते. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर असतो आणि कारखाना हे बांधलेले गिऱ्हाईक. अनिश्चिततेने गांजलेले मन निश्चितीकडे धावणारच. याला अज्ञान म्हणणे म्हणजे व्यवस्थेचा दोष माणसाच्या माथी मारणे होय.

व्यवस्था बदलली की मनही बदलते, याची साक्ष पुरंदर तालुक्यातील नायगावने दिली. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही वाटा, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींचा, आणि ऊस वर्ज्य. शेतकऱ्यांनी हे बंधन स्वीकारले, कारण ते शेजाऱ्यालाही तितकेच लागू होते. पाटकरी सर्वांचा होता, हिशेब उघडा होता. उपदेशाने जे साधले नसते, ते समान नियमाने साधले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेनेही पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची शिस्त याच भरवशावर रुजवली.

मात्र असा भरवसा एकट्या गावाच्या बळावर टिकत नाही. पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. भोवतालचा बाजार, शासनाचे धोरण आणि जमिनीला जखडलेला पाण्याचा हक्क कायम राहिला, तर समतेची बेटे फार काळ तग धरत नाहीत.

म्हणून शेतकऱ्याला काटकसरीचे धडे देण्यापूर्वी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत : कोरडवाहू पिकांना खरेदीची हमी आणि पाण्यावर माणशी हक्क. धास्ती गेली की शहाणपण शिकवावे लागत नाही. ते शेतकऱ्यापाशी आहेच.