303 नंबरचं निब



लाकडी दांडा, पुढे खोचलेलं पोलादी निब, शेजारी दौत आणि टीपकागद. टाक म्हटलं की एवढा संसार आलाच. बॉलपेननं तो शाळा-कचेऱ्यांतून उठवला, त्यालाही आता बराच काळ लोटला. तरी जुन्या निबांसाठी लिलाव आणि जुने बाजार पालथे घालणारी माणसं आजही जगभर आहेत. त्यातले पुष्कळजण निबं कपाटात मांडायला नाही, लिहायला घेतात. नवी निबं आजही बनतात; मग जुन्यांचाच हट्ट का?

उत्तरासाठी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात जगाला निबं पुरवणारं हे गाव. जोसेफ गिलट हा मूळचा शेफील्डचा, सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यातला. तो 1821 च्या सुमारास इथं आला आणि जॉन व विल्यम मिचेल या निबवाल्या भावांच्या बहिणीशी त्यानं लग्न केलं. लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यानं एक ग्रोस, म्हणजे 144 निबं बनवून एकेक शिलिंगला विकली, असं सांगतात. खरं असेल तर नवरदेवाच्या खिशात 7 पौंड 4 शिलिंग आले! पुढं यंत्रं आली आणि काही दशकांत तेच ग्रोस काही पेन्सांना मिळू लागलं. पिसाची लेखणी मागं पडली, ती या स्वस्ताईमुळं.

यंत्रं म्हणजे काय, तर हातानं ओढायची दाबयंत्रं. आणि ती ओढणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. शेफील्डचं पोलाद लाटून पातळ करायचं, त्यातून निबाचे तुकडे कापायचे, मधलं भोक पाडायचं, नाव आणि नंबर ठोकायचा, मग पन्हळीसारखा बाक द्यायचा. पोलाद तापवून त्याला पाणी दिलं की ते कडक होई. नुसतं कडक निब तुटतं, म्हणून पुन्हा बेतानं तापवून त्यात लवचीकपणा आणायचा. शेवटी टोकाला चीर. ती केसभर बाजूला सरकली की निब फुकट.

पण जाणकार संग्राहक भिंगातून पाहतात ते वेगळंच. भोकाच्या आणि टोकाच्या मध्ये बारीक ओरखडे दिसतात, काही निबांवर उभे आणि आडवेही. प्रत्येक निब चिमट्यात धरून फिरत्या चाकावर क्षणभर घासल्याच्या त्या खुणा. तेवढ्या जागी पोलाद पातळ होतं, निब नरम चालतं, शाईही धरून ठेवतं. किती घासायचं हे त्या कामगार बाईच्या बोटांना ठाऊक. मला विचाराल तर जुन्या निबाची खरी किंमत या ओरखड्यांत आहे. निबावर नाव मात्र मालकाचं!

म्हणूनच नंबर तोच असला तरी निब तेच असेल असं नाही. गिलटचं 303 जुन्या पेटीतलं आणि अलीकडचं, दोन्ही दाबून पाहणारे लोक जुन्यावर जीव टाकतात. याच कंपनीच्या ‘प्रिन्सिपॅलिटी’ निबाला तर अलंकारिक अक्षर काढणारे मागाल ती किंमत मोजतात. दांड्यांचेही शौकीन आहेत. तिरप्या अक्षरासाठी दांड्याच्या बाजूला पितळी पट्टी लावून निब तिरकं बसवतात. अमेरिकेत ऑस्कर मॅग्नसन यांनी लाकूड कातून केलेले असे दांडे हाती लागणं कठीण.

आपल्या बाळबोध अक्षराशी मात्र या टोकदार निबाचं फारसं जमलं नाही. तिरक्या कापाचा बोरू न दाबताही जाड-बारीक रेघ देतो. निबातून जाडपणा हवा तर दाबावंच लागतं, आणि जास्त दाबलं की टोक फाकलंच. आपल्याकडं हिशेब आणि अर्ज टाकानं लिहिले गेले, पण घोटीव अक्षराचा मान बोरूकडंच राहिला.

हौस महाग आहे, शिवाय हा साठा लिहिता लिहिता संपणारा. टोक झिजलं की निब टाकूनच द्यावं लागतं. त्यामुळं एखादी पेटी फोडावी की नाही यावर संग्राहकांत दोन तट. मी फोडणाऱ्यांच्या बाजूचा. फोडाल तेव्हा निबावरचा गंजरोधक थर आधी पुसा, नाहीतर शाई थेंबाथेंबानं घसरते. काहीजण त्यासाठी निब कच्च्या बटाट्यात खुपसून ठेवतात. आणि बर्मिंगहॅमला जाणं झालं, तर फ्रेडरिक स्ट्रीटवरच्या जुन्या कारखान्यात पेन म्युझियम आहे. तिथं दाबयंत्र स्वतः ओढून निब बनवायला मिळतं.