चाखणें आणि वाचणें



द्राक्षमद्याची पारख हें केवळ जिभेचें काम, असें कोणी म्हटलें म्हणजे मला सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालेला बोर्दो येथील प्रयोग आठवतो. मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांपुढें श्वेत मद्य ठेविलें होतें. मात्र त्यांत गंधहीन तांबडा रंग मिसळलेला होता. विद्यार्थ्यांनीं त्याच्या वासाचें वर्णन तांबड्या मद्यास शोभणाऱ्या शब्दांनीं केलें! डोळा नाकास इतकें फसवितो, तर आधीं वाचलेला मजकूर किती फसवील?

म्हणून स्पेनचें एकादें नवें मद्य समोर आलें कीं बाटलीवरची चिठ्ठी झांकावी, वास घ्यावा, लहानसा घोट तोंडांत घोळवावा आणि जें जाणवलें तें आपल्याच भाषेंत टिपून ठेवावें. (चाखण्याच्या बैठकींत घोट थुंकून टाकण्याची रीतच आहे, संकोच नको.) पुस्तक त्यानंतर उघडावें.

पण उघडावें खरें. आंदालुसियांतील खेरेस येथील फिनो शेरी नवख्यानें घेतली तर तो ती बिघडली असेंच म्हणेल. इतकी ती कोरडी, खारटसर, आणि वास आंबवलेल्या कणकेचा. येथें जीभ एकटी पुरत नाहीं. पिंप काठोकाठ न भरतां सुमारें षष्ठांश रिकामें ठेवितात. मद्यार्क शेंकडा १५ च्या आसपास असला म्हणजे पृष्ठावर यीस्टचा पांढरा थर धरतो. त्यास तेथील लोक ‘फ्लोर’, म्हणजे फूल, म्हणतात. हें फूल आंतील मद्यास हवेपासून राखतें आणि त्यांतील ग्लिसरीन खाऊन त्यास कोरडेपणा आणतें. मद्यार्क १७ च्या वर नेला कीं फूल मरतें, व हवेच्या संगतीनें गडद रंगाची ओलोरोसो तयार होते. इतकें कळल्यावर दुसरा घोट अगदीं निराळा लागतो.

मग ‘नैसर्गिक’ म्हणून येणाऱ्या मद्यांचे सर्व दोषही असेच गुण मानावयाचे काय? मला तसें वाटत नाहीं. ला मांचांतील वाल्देपेन्यास भागांत मातीच्या मोठ्या रांजणांत मद्य आंबविण्याची जुनी चाल होती. आज स्पेनमधील कांहीं नैसर्गिक मद्यकार पुन्हां रांजणाकडे वळले आहेत, हें उत्तमच. परंतु युरोपीय संघाच्या नियमांत ‘नैसर्गिक’ असा मद्याचा निराळा वर्गच नाहीं. सर्वसाधारण कोरड्या तांबड्या मद्यांत लिटरमागें १५० मिलिग्रॅम, श्वेतांत २०० मिलिग्रॅम सल्फाइट चालतें. फ्रान्सनें २०२० मध्यें मान्य केलेल्या ऐच्छिक चिन्हास ३० ची मर्यादा आहे. गढूळपणा खुशाल चालवून घ्यावा. शिरक्याचा किंवा उंदराचा वास मात्र कोणत्याही पुस्तकानें सुगंध ठरत नाहीं. आंबट दही आणि नासलेलें दही यांतला भेद आपल्या घरांतून कोणास शिकवावा लागत नाहीं.

आरंभ करणाऱ्यानें फिनोचीच बाटली घ्यावी, ती चांगली गार करावी आणि चौघांनीं मिळून चाखावी. कारण एकदां उघडल्यावर तिचा ताजेपणा थोडेच दिवस टिकतो.