बकरीचं इंजेक्शन

(आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

गणपतीला मुंबईची माणसं आली, की हल्ली त्यांच्याबरोबर कुत्रीही येतात. काही मग परत जात नाहीत. आजी-आजोबांना सोबत म्हणून गावीच राहतात. माझ्या दवाखान्यात अशीच एक शेल्टी आली. शेल्टी म्हणजे शेटलंड शीपडॉग, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर मेंढ्या वळणारी जात. उंची १३ ते १६ इंच, निमुळतं तोंड, मानेभोवती आयाळ. बघणारा म्हणतो, सिनेमातल्या लॅसी कुत्रीचं पिल्लू! पिल्लू नव्हे हो, ती एवढीच असते.

आपल्या धनगरवाड्यावरचा कुत्रा बिबट्याची चाहूल घेतो, राखण करतो. ही राखणारी नाही, वळणारी. मेंढ्या नसल्या तर कोंबड्या वळेल, नातवंडं वळेल, पाहुण्याला टाचेशी भुंकत पडवीत आणून बसवील. साखळीला बांधून ठेवलीत तर वाडी डोक्यावर घेईल. दोष तिचा नाही.

पण मला बोलायचंय ते गोचिडीच्या औषधाबद्दल. दाट दुहेरी केस, आपली दमट हवा, गोचीड होणारच. मग शेजारचं कुणी सांगतं, "बकऱ्यांना आणलेलं इंजेक्शन आहे ना, तेच टोचा थोडं." ते आयव्हरमेक्टिन. मंडळी, ते टोचू नका.

असं बघा. होडीला बारीक गळती असते. पाणी झिरपतं, एक पोरगा करवंटीनं ते उपसत बसतो, म्हणून होडी तरंगते. मेंदूत झिरपणारं हे औषध असंच बाहेर उपसलं जातं. ते काम एका प्रथिनाचं. कोली, शेल्टी अशा वळणाऱ्या जातींतल्या काही कुत्र्यांत ते प्रथिन बनवणारं जनुकच मोडकं असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २००१ साली दाखवून दिलं. म्हणजे होडी तीच, गळती तीच, करवंटीवाला पोरगा तेवढा नाही. चार थेंब आले तर निभावतं. हार्टवर्मच्या, म्हणजे हृदयातल्या जंताच्या गोळीतली याच औषधाची बारीक मात्रा यांनाही सोसते. पण बकरीचं इंजेक्शन म्हणजे उधाणाचं पाणी. त्या बाटलीत १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. खोट असलेल्या आठ किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅमही जड जाऊ शकतं. आणि आपला हात सढळ, टोचलं १ मिली!

त्या शेल्टीचं तेच झालं. सकाळी टोचलं, संध्याकाळी मागचे पाय लटपटायला लागले. लाळ गळतेय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, डोळ्यांपुढे बोट नाचवलं तरी पापणी लवेना. याला उतारा नाही. सलाइन लावायचं, ऊब द्यायची, दर थोड्या वेळानं कूस बदलायची. आजी गोणपाटावर बसून होत्या. सहाव्या दिवशी पेजेचं भांडं वाजलं आणि तिनं मान वळवली.

सगळ्या शेल्टींत ही खोट नसते, पण वरून ओळखू येत नाही. गालाच्या आतून नमुना घेऊन तपासता येते. तपासलं नसेल तर आहे असंच धरून चाला. संकरातलं पिल्लू असलं तरी.

आणि गोचीड फक्त कुत्र्यावर शोधू नका. ती कुत्र्यावर जेवायला येते, राहते तुमच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भोकांत. एकेक मादी हजारो अंडी घालते. तेव्हा औषध भिंतीलाही हवं. फवारताना आणि वाळेपर्यंत कुत्रं लांब ठेवा. कुत्र्याचं औषध त्याचं वजन करून, जात सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. बकरीचं नको. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय, ठाऊक आहे मला. पण मघाशी कुणी चहा टाकायला उठलं असेल.

आंघोळीचं... रोज घालू नका, आतली लव वाळत नाही आणि मग बुरशी... बाई काचेपलीकडून हात दाखवताहेत. केसांचं राहिलंच. उन्हाळ्यात भादरू नका एवढंच आता सांगतो. का, ते पुन्हा बोलावलंत तर.