तालमीतली शिस्त



आमच्या इंदापूर तालुक्यात ‘तालीम’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. पोरं पहाटे लंगोट लावून मातीत उतरतात ती तालीम. आणि जत्रेआधी रात्री शाळेच्या वर्गात नाटक बसवतात तीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. आज अभिनयाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी मला या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मी पळसदेवचा. उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका लागतो. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ साली ‘सैराट’ आणला. नायिका अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू, नायक कुस्तीच्या आखाड्यातला आकाश ठोसर. आपल्या मातीतली, आपल्या बोलीतली माणसं पडद्यावर आली, याचा आम्हाला केवढा आनंद झाला! पण त्याचबरोबर घरोघरी एक समजूतही रुजली, की कुणीतरी आपल्याला बघेल, उचलेल आणि रातोरात आपलं नाव होईल.

मी कविता लिहितो म्हणून मला सिनेमातलंही कळत असावं, असं लोकांना वाटतं. मग आईबाप विचारायला येतात, ‘चाचा, पोरगं मुंबईला जायचं म्हणतंय. पाठवू का?’ ओळखीच्या एका घरात उसाचं बिल आलं, ते सगळं फोटोंच्या अल्बमवर आणि तीन महिन्यांच्या कसल्याशा कोर्सवर गेलं. पोरगा फोटोत देखणा दिसतो. पण एक पान न अडखळता वाच म्हटलं, तर त्याला घाम फुटतो.

अशा वेळी मी त्यांना ‘सामना’ बघायला सांगतो. साखर कारखानदारीतल्या सत्तेचा हा चित्रपट आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विजय तेंडुलकरांनी तो लिहिला, डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला आणि १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात समोरासमोर उभे आहेत निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. हे दोघे तिथवर कसे पोचले, ते बघा.

निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांची घडण झाली. मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य आलं आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट. हा माणूस जमीनदार नव्हता, पाटील नव्हता. पण पाटलाची मान किती अंशात वळते, धोतराचा सोगा तो कसा धरतो, खालच्या आवाजात धमकी कशी देतो, हे सगळं त्यांच्या अभिनयात होतं. बघण्याची सवय असल्याशिवाय हे येत नाही. त्या सवयीला फी लागत नाही. एस.टी. स्टँडवर, बाजारात, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ती फुकट लागते. मात्र त्यासाठी हातातला मोबाइल खिशात ठेवावा लागतो.

डॉ. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. नाटकाचं वेड तरुणपणापासूनचं, पण पूर्णवेळ रंगभूमीवर ते आले १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर त्यांनी उभे केले. लोकांना तो एका रात्रीचा चमत्कार वाटला असेल. त्यामागे हौशी रंगभूमीवरची कितीतरी वर्षं होती. म्हणून मी मुलांना सांगतो, पोटापाण्याचं काम हातात असणं हा कलेचा अपमान नाही. उद्याच्या भाड्याची चिंता असलेला नट मिळेल त्या भूमिकेला हो म्हणतो. ज्याची चूल पेटलेली आहे, त्याला थांबता येतं.

स्वतः जब्बार पटेलही डॉक्टर, मुलांचे. आपल्या शेजारच्या दौंडला त्यांचा दवाखाना होता. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्यांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. पण मला त्या नाटकातली सर्वांत मोठी भूमिका वाटते ती ओळीनं उभ्या राहणाऱ्या माणसांची. तीच माणसं भिंत होतात, तीच पडदा होतात, तीच गातात, नाचतात. त्यातला एक जरी ‘माझ्याकडे बघा’ म्हणून पुढे सरकला, तरी भिंत कोसळते.

अभिनयातली शिस्त म्हणतात ती हीच. वेळेआधी पोचायचं. आपलीच नव्हे, समोरच्याचीही वाक्यं पाठ ठेवायची. दुसरा बोलत असताना खरोखर ऐकायचं. आणि नकार आला तर तो एका भूमिकेपुरता धरायचा. आखाड्यात चीतपट झालेला पैलवान दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मातीत उतरतोच ना?

भाषेचंही तसंच. आमच्या घरात दखनी, गावात मराठी. ‘न’ कुठे, ‘ण’ कुठे, हे मला शाळेतल्या गुरुजींनी रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावून शिकवलं. आपली बोली टाकू नका, ती तुमची ठेव आहे. पण दुसरीही जिभेवर बसवा. रोज एक पान मोठ्यानं वाचा, वर्षभर.

मार्ग बंद नाहीत. महाविद्यालयात असाल तर पुरुषोत्तम करंडक आहे, बाहेर राज्य नाट्य स्पर्धा आहे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तिथे प्रवेश अवघड आहे, पण उसाचं बिल उधळण्यापेक्षा ती तयारी केलेली बरी. आणि हे सगळं मुलींनाही सांगा. अकलूजची मुलगी पडद्यावर आली की टाळ्या वाजवायच्या आणि स्वतःच्या लेकीला तालमीला पाठवायचं नाही, हे बरोबर नाही.

तेव्हा आईबापहो, ‘पाठवू का’ हे मला विचारू नका. पोराला, पोरीला एकच विचारा, ‘गावच्या नाटकात तुला बोलायला एकही वाक्य दिलं नाही, नुसतं भिंत होऊन उभं राहायला सांगितलं, तर महिनाभर रोज वेळेवर तालमीला जाशील का?’ ‘हो’ असं उत्तर आलं आणि महिनाभर ते टिकलं, तर त्या लेकराच्या पाठीशी उभे राहा.